कसालच्या बाजारातला सुंभ

अक्षर वेडेवाकडे आहे, शुद्धलेखनही चुकेल. चौथीच शिकले, तेव्हा सांभाळून घ्यावे.

नवरा आजारी पडला आणि आम्ही धामापूरच्या दुकानदाराकडून तांदूळ उधार आणू लागलो. मला फार लाज वाटे. दार लावून मी काथ्याचा सुंभ वळायची आणि ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून दूर कसालच्या बाजारात विकायची. एकदा तिथेच तो दुकानदार समोर आला. मी पदर तोंडावर ओढला.

"तोंड कित्याक लपयतंस गो? सुंभ बरो वळलंस. स्वस्तात दी."

"उधारी फेडीन, पण भाव कमी करूचंय नाय," मी पदर सारून म्हटले.

तो हसला आणि सगळा सुंभ त्याच भावाने घेतला. पुढे मी गावातच उघड्यावर बसून विकू लागले. चतुर्थीआधी उधारीचा शेवटचा रुपया भरल्या दुकानात त्याच्या हातावर ठेवला.