कल्हईवाल्याच्या सात पिढ्या

अख्ख्या जव्हार-मोखाड्यात खानदानी माणूस एकच, आणि तो भर बाजारात जमिनीवर बसून लोकांची काळी भांडी घासतो. हे माझं म्हणणं आहे. मी दुसरीतच शाळा सोडली, पण माणूस ओळखायला पुस्तक लागत नाही. ज्याला पटत नसेल त्यानं जामसरला येऊन माझ्याशी भांडावं. हा माझा कल्हईवाला मित्र स्वतःला बलुच म्हणवतो. त्यांचा मूळ पुरुष पार सिंधपलीकडच्या मकरानातून घोड्यावर बसून जव्हारच्या राजाकडे शिपाईगिरीला आला, असं तो सांगतो. "ए बलुच, घोडा कुठं बांधलास?" असं कोणी विचारलं की डोकं वर न करता म्हणतो, "तुझ्या आजाला राखायला दिलेला. त्यानं हरवला." स्टीलवर त्याचा भारी राग. "ह्याला ना आई ना बाप, कारखान्यातून आलं," असं म्हणून चहावाल्याचा पेला परत पाठवतो, चहा मात्र आपल्या पितळी वाटीत ओतून घेतो. रेशनच्या कचेरीत कारकुनानं नुसती जात विचारली, तर यानं पूर्वजांची नावं सुरू केली; कारकून जेवायला उठून गेला तरी हा तिसऱ्या पिढीवरच.

कल्हई करतानाही तेच. हंडा तापला, नवसागराचा पांढरा धूर उठला की पहिलं नाव. कथील फिरून आतून चांदीसारखं चकाकलं की सातवं, म्हणजे बापाचं. नावं संपायच्या आत भांडं उजळलं नाही तर कथील भेसळीचं, असा त्याचा हिशोब. भात्यावर त्याचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही, बोलणं बेताचं. पण सातवं नाव झालं रे झालं की भात्यावरून त्याचा आवाज यायचा, "आन् आमी दोघं." चाळीस वर्षं मी हे ऐकत आलो. घरात सुनेनं स्टील भरलं तरी मी दरवर्षी माझा तांब्याचा हंडा डोक्यावर घेऊन येतो, तो काय फक्त कल्हईसाठी?

गेल्या पावसाळ्यात हा भाऊ मोखाड्याकडं भांडी पोचवायला गेला आणि ओढ्याच्या पुरात वाहून गेला. दिवाळीनंतर खाली नदीच्या काठी नुसती हाडं मिळाली. अंगावरचं काही राहिलं नव्हतं. पोलिसांनी माझ्या मित्राला लाळेचा नमुना द्यायला बोलावलं, आणि अर्धा बाजार त्याच्यामागं चौकीवर गेला. नमुना घ्यायला आलेल्या बाईंनी नीट समजावलं. बापाकडची एक खूण मुलाच्या अंगात जवळजवळ जशीच्या तशी उतरते. भावाभावांत, चुलत्या-पुतण्यांत तीच सापडते. हाडांतली आणि याची जुळली की भाऊ याच्या ताब्यात.

"आन् न्हाई जुळली तर?" यानं विचारलं.

"तर हे तुमच्या घरातले नाहीत असं लिहून जाईल, बाबा. मग बेवारस."

बाईंनी कापसाची काडी पुढं केली. यानं तोंड उघडलं, आणि मिटलं. मला वाटलं, आता हा आधी सात पिढ्या सांगणार.

"माझं घेऊ नका, बाई. भिवंडीला आमचा चुलता हाय, त्याचं घ्या. मी त्या रक्ताचा न्हाई."

मग त्यानंच सांगितलं. त्याचा बाप कधीकाळी वांगणीला कल्हई करायला गेला होता, तो परतताना भांड्यांच्या गोणीबरोबर एक तान्हं पोर घेऊन आला, तोच हा. आई बाळंतपणात गेलेली, बाप कामाला गेला तो परतला नव्हता. त्या सांभाळणाऱ्या बापानं मरताना याच्याकडून वचन घेतलं होतं: हे कोणाला सांगायचं नाही, भावालाही नाही. जन्मभर पाळलेलं वचन यानं त्या भावासाठीच मोडलं, तेही अर्ध्या बाजारासमोर.

चहावाल्याला राहवलं नाही. "मग त्या सात पिढ्या कोणाच्या रं?"

"माझ्या. मला पाठ हायत. तुला तुझ्या किती पाठ हायत, सांग!"

चहावाला आजाच्या नावापाशीच अडकला.

बाईंना वाईट वाटलं असावं. म्हणाल्या, "बाबा, बलुच घ्या, अफगाणिस्तानातले हजारा घ्या, कुठल्याही लोकांत बापाकडची खूण एकच नसते. नाना तऱ्हेच्या निघतात."

"मग बलुचांत माझी एक जास्तीची धरा," हा म्हणाला. "वांगणीची."

चुलत्याची खूण जुळली. भाऊ घरी आला. कबरीत उतरून हातावर घ्यायचा मान जवळच्या नातलगाचा; ती वेळ आली तेव्हा कोणीतरी पुटपुटलं की रक्ताचा तर चुलता आहे. भिवंडीचा म्हातारा काठी आपटून ओरडला, "त्याचा भाऊ उभा हाय ना? तोच उतरंल!" तोच उतरला. आता बाजारात कोणी वेडंवाकडं बोललं तर उत्तर द्यायला मी बसलेलोच असतो.

कारण भाता हल्ली मी ओढतो. माझ्या हंड्याला यंदा कल्हईची गरजच नव्हती, तरी नेला. धूर उठला, नावं सुरू झाली, बापाचं नाव झालं आणि तो थांबला. मी भाता धरून राहिलो. पुढचं ते भावाचं बोलणं माझं नव्हे. हंडा आतून उजळला होता. त्यात बघत तो हळूच म्हणाला, "आन् आमी दोघं."