चौथं पान

वाचनालयातल्या वर्तमानपत्राचं चौथं पान रोज सकाळी गायब असतं. सलग चार दिवस मी वहीत नोंद केली. कुणीतरी कात्रणांसाठी पळवत असणार! पाचव्या दिवशी ग्रंथपाल शोभाताईंना गाठलंच. "पान कोण नेतंय?"

"मीच," त्या हळूच म्हणाल्या. "निधनवार्तांचं असतं ना. ते कोपऱ्यात रोज वाचत बसतात ना, ते दामलेकाका उठून घरी जाईपर्यंत काढून ठेवते. मागे त्यात मित्राचा फोटो दिसला आणि इथंच घेरी येऊन पडले."

पुस्तकं सांभाळायला नेमलेली बाई माणसंही सांभाळते, हे मला सहजी पटेना. पायऱ्यांवर काकांनीच मला थांबवलं.

"ऐकलं मी तुमचं बोलणं. ते पान मी घरी वाचूनच येतो. शोभाला सांगू नका हं, हिरमुसेल बिचारी."