बाईंच्या फोनचे चार कोपरे

बाईंच्या जुन्या फोनची बॅटरी फुगली आणि मागचं झाकण उचलून आलं, तेव्हा त्यांच्या मुलाने पुण्याहून येताना त्यांच्यासाठी आयफोन आणला. जुना अँड्रॉइड होता. मुलाचं म्हणणं असं, की नव्यात वाचून दाखवायची सोय चांगली आहे, अक्षरं हवी तेवढी मोठी होतात आणि त्याच्या घरी सगळ्यांकडे हाच फोन असल्यामुळे काही अडलं तर तो तिकडून सांगू शकेल. हेतू चांगलाच होता. बाईंची नजर गेली काही वर्षं मधल्या मध्ये जात चालली आहे. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. समोर बघितलं की मध्ये धुक्याचा गोळा दिसतो, कडेचं मात्र दिसतं. त्यामुळे कुठलीही वस्तू त्या मान वाकडी करून बघतात. "कोंबडी दाण्याकडे बघते ना, तशी मी आता जगाकडे बघते," असं त्याच सांगतात आणि समोरच्याला हसायची मोकळीक देतात.

मी त्यांची विद्यार्थिनी. संगमेश्वर तालुक्यात आमच्या गावाजवळच्या हायस्कुलात त्या आम्हाला भूगोल शिकवत. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. बारावीनंतर रत्नागिरीत राहायचं कुठे, हा प्रश्न आला. तोवर बाईंची बदली शहरात झाली होती. त्यांनी मांडवीतल्या आपल्या घराची पडवीतली खोली मला दिली आणि माझ्या वडिलांना सांगितलं, "पोर माझ्याकडे राहील. फक्त तांदूळ पाठवू नका, माझ्याकडे उंदीर आहेत." बाबांनी तांदूळ पाठवलेच. मी पदवीधर झाले, पुढे ग्रंथालयशास्त्र शिकले आणि आज इथल्याच एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. हे सगळं त्या खोलीमुळे झालं असं मी कुणालाही सांगते. बाईंसमोर सांगत नाही, कारण त्या लगेच विषय बदलतात.

तर तो फोन. मुलाने जाण्यापूर्वी तो मोठ्या मायेने लावून दिला होता. बँक, औषधं, बातम्या, फोटो यांचे वेगवेगळे कप्पे केले होते. मला ग्रंथपाल म्हणून ते फार पटलं. पण बाईंना ते दिसतच नव्हतं. कप्प्यातली चित्रं मसुराच्या दाण्याएवढी होती. आणि खालच्या ओळीत फोन हिरवा, मेसेज हिरवा, व्हिडिओ कॉल हिरवा, व्हॉट्सॲपही हिरवं. जुन्या फोनवर बाईंनी इतकी वर्षं रंगावर आणि जागेवर निभावून नेलं होतं. हिरवं दिसलं की दाबायचं आणि बोलायचं. इथे चार हिरवी आणि बोलणारं त्यांतलं नेमकं कोणतं ते कळायला मार्ग नाही.

दुसऱ्याच आठवड्यात एका दुपारी त्यांना चक्कर आली. त्या ओटीवर खाली बसल्या आणि शेजारच्या काकूंना फोन लावायला गेल्या. कॅमेरा उघडला. मग कुठलंसं गाणं लागलं. शेवटी काकूच ताकाचं भांडं परत द्यायला आल्या तेव्हा त्यांनी बाईंना उठवलं. मुलाला हे कळलं आणि तो हादरला. त्याने रात्री फोन केला तेव्हा मी तिथेच होते.

"आई, मी दिवाळीआधी येतो. तोवर तुला एकटीने माणूस बोलावता आला तर राहा तिथे. नाहीतर दिवाळीनंतर माझ्याकडे चल. मला इथे झोप लागत नाही."

बाई एवढंच म्हणाल्या, "ये. मी तयारी करते."

फोन ठेवल्यावर त्या मला म्हणाल्या, "तो बोलतोय ते खरंच आहे. पण तिथे आठव्या मजल्यावर मला पाणी प्यायचं तरी विचारावं लागेल. इथलं घर मला पायांनी माहीत आहे. जेटीपर्यंतचा रस्तासुद्धा. तू उद्यापासून येशील ना ग्रंथालय सुटल्यावर?"

मी गेले. मला स्वतःला ही नवी पद्धत येत नव्हती, माझा फोन अजून अँड्रॉइडच होता. त्यामुळे आम्ही दोघी बरोबरच शिकलो. मी पडद्यावर बोट दाबून धरलं की चित्रं थरथरायला लागायची, आणि मी सांगायचे, "बाई, आता ती हलवता येतात." बाई विचारायच्या, "थंडी वाजतेय का त्यांना?"

पहिले दोन-तीन दिवस त्यांनी नुसतं कमी करायला लावलं. मी एकेकाचं नाव वाचायचे आणि त्या मानेने नाही म्हणायच्या. "पटावर एवढी पोरं आणि कामाचं कुणी नाही." पडद्यावरून काढलं तरी ॲप फोनमध्ये राहतं, हे मला उशिरा सापडलं. ते सांगितल्यावर त्या खूश झाल्या. "म्हणजे वर्गाबाहेर उभं केलंय, दाखला दिला नाही. चालेल." मागचं चित्रही त्यांनी काढायला लावलं. मुलाने नातवंडांचा फोटो लावला होता. "गोड आहेत, पण त्यांच्या तोंडावर मला काही शोधता येत नाही." तिथे आम्ही काळा रंग दिला.

मग मी जे उरलं होतं ते नीट ओळीत लावायला घेतलं. बाईंनी माझं मनगट धरलं.

"ओळ नको. कोपरे दे."

त्यांचं गणित असं होतं. समोर बघितलं की मधलं जातं, कडा राहतात. आणि कडा दिसली नाही तरी अंगठ्याला फोनची कड लागते, त्या कडेने सरकलं की कोपरा सापडतोच. कोपरा डोळे मिटूनही चुकत नाही. म्हणून चार कोपऱ्यांत चार माणसं ठेवायची, एका दाबात फोन लागेल अशी. जुन्या आयफोनांत चित्रं आपोआप पुढे सरकून रिकामी जागा भरत असत म्हणे. आता मध्ये मोकळी जागा सोडता येते. ती सोडायला शिकण्यात माझे दोन संध्याकाळचे चहा थंड झाले, पण जमलं. प्रत्येक चौकोनाला वेगळा ठळक रंग दिला.

चार माणसं कोण, हे मी मनाशी धरूनच चालले होते. बाईंनी सांगायला सुरुवात केली. वर डावीकडे शेजारच्या काकू. वर उजवीकडे नाक्यावरचा रिक्षावाला. खाली डावीकडे डॉक्टर, त्यांचा दवाखाना पलीकडच्याच गल्लीत आहे. खाली उजवीकडे मासळीवाली.

"मासळीवाली?" मी म्हटलं.

"रोज सकाळी गल्लीत असते. एक दिवस मी दार उघडलं नाही तर पहिलं तिलाच कळेल."

मी चारही नावं बोटांवर पुन्हा मोजली. त्यांच्या ते लक्षात आलं. "तुला जागा नाही दिली म्हणून रुसू नको. तू ग्रंथालयात फोन मुका करून बसतेस. तसंच बसायला हवं."

यानंतरचे दिवस मला कायम आठवतील. पंचाहत्तरीला टेकलेली ही बाई पाढे पाठ करावेत तसा तो पडदा पाठ करत होती. जेटीवर फिरायला गेलं की एक हात साडीच्या पदराखाली, फोनवर. अंगठा कडेने फिरतोय आणि ओठांत पुटपुटणं चाललंय, "वर डावी काकू, वर उजवी रिक्षा." वाटेत ओळखीचं कुणी भेटलं आणि विचारलं, "बाई, कसला जप चाललाय?" तर म्हणायच्या, "चार धाम करतेय, घरबसल्या." दहावीला आम्हाला त्या नकाशात नद्या भरायला लावत, तेव्हा चुकलं की पुन्हा कोरा नकाशा देत, रागावत नसत. स्वतःलाही त्या तेवढ्याच शांतपणे पुन्हा कोरा नकाशा देत होत्या. मी इतकी पुस्तकं हाताळते, पण शिकणं म्हणजे काय हे मला त्या दिवसांत जेटीच्या कठड्याशी उभं राहून जास्त कळलं.

दिवाळीच्या आधी मुलगा आला. रात्रीच्या गाडीने येऊन सकाळी पोचला, आंघोळ करून चहाला बसला. मीही रजा घेऊन गेले होते. त्याने आईचा फोन हातात घेतला, काळा पडदा आणि कोपऱ्यातले चौकोन बघितले आणि तो तिच्या हातात परत दिला.

"समज आई, तुला न्हाणीघरात चक्कर आली. बाजूच्या काकूंना बोलाव. ताई, तू काही सांगू नको हां."

बाईंनी अंगठा कडेने नेला आणि दाबला. फोनमधून मोठ्याने आवाज आला, "काय वो बाई, मी येतंयच की तुमच्या गल्लीत. काय झाला?"

काकूंचा आवाज नव्हे. मला दिसत होतं काय झालं ते. मुलाने फोन दिला तो उलटा आणि बाईंनी तो तसाच धरला होता. वरचा डावा म्हणून दाबला तो खालचा उजवा निघाला. मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. त्याला वाईट वाटलं होतं. हरवायला आलाच नव्हता तो. एवढ्या दिवसांची मेहनत एका उलट्या फोनने गेली, असं मला वाटलं.

बाईंनी बोटाने फोनची पाठ चाचपली. कॅमेऱ्याचा उंचवटा खालच्या बाजूला लागला. त्यांना कळलं. पण त्यांनी फोन बंद केला नाही.

"अगो, मला चक्कर आली आहे असं समज," त्या मासळीवालीला म्हणाल्या.

"समजू म्हंजे?"

"मुलगा परीक्षा घेतोय माझी."

"परीक्षा नि काय. येतंय मी."

फोन बंद झाला. "उलटा धरला होता," बाई मुलाला म्हणाल्या. फोन फिरवून त्यांनी आता काकूंचा कोपरा दाबला, बरोबर. घंटी वाजत राहिली. काकू उचलेनात. नंतर कळलं, त्या देवपूजेला बसल्या होत्या. मुलगा कपाळावर हात ठेवून बसला.

आणि फाटक वाजलं. मासळीवाली अंगणात पाटी उतरवून, पदराने हात पुसत थेट ओटीवर आली. बाई चहा पीत होत्या.

"बसलाव की बऱ्या," ती म्हणाली आणि मुलाकडे वळली. "तुमी पुन्याचे ना? आईला चक्कर आनून बगताव काय?"

तो हसला. त्या सकाळी पहिल्यांदा.

"आलंय तशी सौंदाळे घ्या मग. ताजे हत."

त्याने सौंदाळे घेतले. ती गेल्यावर त्याने फोन पुन्हा हातात घेतला. एकेक कोपरा कुणाचा ते विचारून घेतलं. डॉक्टर, रिक्षावाला, सगळे. चारांतला कुठलाही दाबला तरी हाकेच्या अंतरावरून कुणीतरी दारात येणार, हे त्याच्या ध्यानात आलेलं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"आणि मी कुठे आहे?" त्याने विचारलं.

"दुसऱ्या ओळीत, मध्ये."

"मधलं तुला दिसत नाही ना?"

"नाही. मोजत मोजत जावं लागतं. पण तुला फोन करताना मला घाई नसते." बाईंनी कप खाली ठेवला. "घाई असेल तेव्हा तू कामाचा नाहीस रे. तुला यायला अर्धा दिवस लागतो."

हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं की त्यात लागण्यासारखं काही उरलं नाही. तो उठून न्हाणीघरात गेला, भिंतीवर थापट्या मारून बघितल्या, आणि बाहेर येऊन मला विचारलं, "ताई, धरायला दांडा मिळेल ना गं इथे बाजारात? स्टीलचा?"

"मिळेल की."

दुपारी सौंदाळ्यांचं जेवण झाल्यावर त्याने बाजारातून दांडा आणि शेजारून ड्रिल मागून आणलं. चिऱ्याची भिंत, त्यामुळे पहिलं भोक पाडताना तांबडी भुकटी सगळ्या फरशीवर उडाली. बाई दारात मान वाकडी करून उभ्या होत्या.

"खाली घे थोडा," त्या म्हणाल्या. "मी बसलेली असताना हात पुरला पाहिजे."

त्याने दांडा खाली घेतला, पेन्सिलीने खूण केली आणि आईला बादलीजवळच्या पाटावर बसवून हात वर करायला सांगितला.