मढी म्हणायचं नाही

एका गुडघ्याच्या ऑपरेशनचं ठरत असताना आईने पुण्यातल्या डॉक्टरांसमोरच जाहीर केलं, "पयले मढीवर नारळ फोडून या, मंग माह्या गुडघ्याले हात लावा." डॉक्टर माझ्याकडे बघत बसले. वर्षभर आई भिंत धरून चालतेय, त्यामुळे वाद न घालता मी वर्ध्याची तिकिटं काढली. आईचं माहेर घाटंजीजवळचं, मढीही तिथलीच. बायको मीनल मात्र पक्की पुणेकर, तिला मढी म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. एका माणसापुरतं देऊळ, वाकून आत जायचं, वाकूनच बाहेर यायचं, असं मी तिला गाडीत समजावलं.

वर्ध्याहून एसटीने कळंबमार्गे यवतमाळ. मीनलला अर्धं तिकीट, मला पूर्ण. हा विषय तिने कळंबपर्यंत पुरवला. यवतमाळच्या स्टँडबाहेर तर्री-पोहे खाच, पण ती झणझणीत तर्री वेगळ्या वाटीत मागा. मीनलने मागितली नाही, त्यामुळे घाटंजीपर्यंतचा प्रवास शांततेत झाला.

घाटंजीत आठवडी बाजार भरला होता. रस्ता विचारायला मीनल पुढे झाली आणि वांगी विकणाऱ्या बाईंना म्हणाली, "मावशी, इथलं मढं कुठंय?"

बाईंनी तराजू खाली ठेवला, डोक्यावर पदर घेतला आणि हळूच विचारलं, "कोन गेलं व माय?"

मढं नाही, मढी, असं मी हसू दाबत सांगितलं, तेव्हा कुठे आजूबाजूचे चेहरे सैलावले. ऑटोही त्यांनीच ठरवून दिला.

गावात पोचलो तर समोर चकचकीत ग्रॅनाइट, स्टीलचे कठडे आणि लाल-हिरव्या दिव्यांची कमान. मढी ती हीच का, असं मी तिथल्या कमिटीच्या अध्यक्षांना विचारलं. त्यांना शब्द चांगलाच झोंबला.

"मढी म्हनू नका भाऊ, संस्थान म्हना. मढी म्हटलं तं कोनी गाडी थांबवते काय?"

जुनी मढी मागे आहे, सामान ठेवायला बरी पडते, असंही त्यांनी सांगितलं.

मागे सिमेंटची पोती, मोडका कूलर, पोत्यांवर ऐसपैस बसलेली बकरी आणि फटीतून दिसणारा शेंदराचा दगड. आम्ही दोघंही खो खो हसलो. मग मात्र मला राग आला, अगदी खराखुरा. शाळा चुकवून आई याच दगडामागे लपून बसायची. नारळ उंबऱ्यावर फोडला, प्रसाद आमच्याआधी बकरीने घेतला. मीनलने फोटो काढला.

परतीची शेवटची एसटी कधी आहे ते आधी विचारून ठेवा. आम्ही विचारलं नव्हतं. कापसाच्या टेम्पोतून यवतमाळ गाठलं, आणि तो कापूस अजून माझ्या स्वेटरमधून निघतोय.

घरी फोटो दाखवायची माझी छाती होईना. नारळ लागू पडला नाही, असं आई म्हणाली तर? शेवटी मीनलनेच फोन तिच्या हातात दिला. आईने फोटो मोठा केला, बकरी पाहिली, पोती पाहिली आणि फोन परत मीनलच्या हातात दिला. ऑपरेशन बुडालं, असं मी धरून चाललो.

"डॉक्टरले फोन लाव," आई म्हणाली. "दोन्ही गुडघे करून टाक म्हना. थे पोते मले सोताच्या हातानं बाहेर काढा लागते."