राहीच्या रक्तातले विळे

नागावच्या मागं, टेकडीच्या पायथ्याशी काळूराम कातकऱ्याचं झोपडं होतं. त्याची लेक राही सतराएक वर्षांची. लहानपणापासून तिचे हातपाय मधूनच असे ठणकत की पोर घोंगडीचं टोक दातात धरून पडून राहायची. डोळे पिवळे पडत. भगतानं सांगितलं, "आईच्या घराण्याची पीडा हाय." तेव्हापासून नवऱ्याचे बोल ऐकत तिची आई ठमाबाई वाडीत मान खाली घालून वावरे.

१९३४ च्या थंडीत ठणका छातीत शिरला, तसं काळूरामानं तिला अलिबागच्या दवाखान्यात नेलं. हिवताप असेल म्हणून गुप्ते डॉक्टरांनी बोटातून रक्ताचा थेंब घेतला, काचेवर पसरला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तो काढीचनात.

राहीला राहवेना. "काय दिसतंय वो?"

"रक्तातल्या तांबड्या पेशी. गोल असायला हव्यात. तुझ्यातल्या काही वाकड्या आहेत."

"मला बगू द्या की!"

आधी तिला आपल्याच पापण्या दिसल्या. मग फिकट गोल टिकल्या, आणि त्यांच्यात टोकदार, बाकदार काहीतरी. "ह्ये तर विळे!"

डॉक्टर हसले. "परदेशातल्या डॉक्टरांनीही तेच नाव दिलंय. असे विळे बारीक नसांत अडकतात, म्हणून ठणका. लवकर मोडतात, म्हणून अंगात रक्त कमी."

"पन आले कुठनं? आईकडनं?"

डॉक्टरांनी दोघा आईबापांचं रक्त घेतलं, काचांमध्ये ठेवून कडा मेणानं बंद केल्या. "हवा तुटली की अशा पेशी वाकतात, लपलेला दोषही दिसतो," ते म्हणाले. संध्याकाळी सगळ्या पेशी गोलच होत्या. सकाळी मात्र आईच्या थेंबात विळे होते. ठमाबाईनं डोळ्यांना पदर लावला. राहीनं दुसरी काच पाहिली.

"बा, तुझ्यातबी हायत!"

"तुम्हा दोघांत हे अर्धंच आहे, म्हणून तुम्हाला त्रास नाही. हिला दोघांकडून आलं, म्हणून हिला त्रास," डॉक्टर म्हणाले. "दोष कुणाचाच नाही."

काळूराम कितीतरी वेळ भिंगातून बघत राहिला. मग बायकोकडं वळून म्हणाला, "ठमे, उगाच तुला बोल लावला."

यावर औषध नव्हतं. भरपूर पाणी पी, थंडीत भिजू नकोस, ताप आला की लगेच ये, एवढंच डॉक्टर सांगू शकले. ठणका पुढंही येत राहिला, पण राही जपू लागली तसा जरा कमी येई.

पावसाळ्यानंतर ती पुन्हा आली. आपल्या रक्ताचा थेंब मेणानं बंद करवून गोल पेशींचेही विळे झालेले पाहिले आणि विचारलं, "हवा लागली तर परत गोल व्हतील?"

डॉक्टरांनी मेण खरवडलं, काच जराशी उचलून पुन्हा ठेवली. राहीनं डोळा लावला.

"व्हतायत!" ती ओरडली. "डॉक्टर, बगा तरी!"