उपास मायचा, पळणं सविताचं

पूर्णेच्या मैदानावर आमी पोलीस भरतीची तयारी केली. आता कुठंबी भेटलो तरी पळण्याचं कुणी बोलत न्हाई, खाण्याचेच किस्से निघतेत! चहा दोनदा होतो, किस्से संपत न्हाईत.

*

आमचा गजू पहिल्याच दिवशी चार भाकरी अन् पिठलं हाणून आला. पहिल्या राउंडलाच सगळं बाहेर!

आमची तयारी करून घेणारे सर म्हणले, "पोट पचवायला लागलंय, पायाला रगत कुठून मिळंल? पळायचं ते रातच्या जेवणावर. त्याचाच साठा होतो पायात."

"मंग सर, आज सुट्टी द्या. रातच्याला जेवून उद्या पळतो!"

*

दुसऱ्या दिवशी गडी उपाशीपोटी आला अन् ग्लुकोजचा अख्खा पुडा तोंडात कोंबला. शिट्टी झाली, आमी सुटलो. गजू जागेवरच खोकायलाय, नाकातून पांढरं पीठ!

सर म्हणले, "लेका, डिझेल इंजिनात घालतेत, इंजिनावर न्हाई!"

*

सविता माझी मैत्रीण, शेळ्या राखणाऱ्या घरातली. भरतीचं वय संपत आलेलं, ही शेवटची भरती. आठशे मीटरला ती सगळ्यांच्या पुढं असायची, पण शेवटच्या वळणावर पाय गळायचे. हातातलं असं जाताना बघून मला तर लय राग यायचा.

"काल काय खाल्लं?" सरांनी विचारलं.

"सोमवार व्हता. नोकरीसाठी मायचा नवस हाय, सोमवार अन् चतुर्थीचा उपास मी धरायचा, रातच्यालाबी सोडायचा न्हाई."

"आगं, जोरात पळताना श्वास पुरत न्हाई, अंग साठाच जाळतंय. साठाच न्हाई तर जाळंल काय?"

*

सर मला घेऊन तिच्या घरी गेले. मायनं सगळं ऐकून घेतलं अन् विचारलं, "सर, नोकरी देव देतो का भाकर?"

सर चहा पिऊन उठले. वाटंत म्हणले, "भरतीच्या सायबाला भेत न्हाई मी, पण ही बाई!"

*

भरतीच्या परीक्षेचं सविताचं ग्राउंड निघालं मंगळवारी, तेबी अंगारकीला! म्हंजे आदल्या दिवशी सोमवार. पोरगी रडकुंडीला आली.

सोमवारी रात्री मायनं तिच्यापुढं भाकर, भाजी, गूळ ठेवला. "खा. देवाला सांगितलंय, तुझे दोन्ही उपास मी धरले."

मंगळवारी परभणीत कडक ऊन. मैदानाच्या जाळीबाहेर माझ्याशेजारी माय उभी, पोटात पाण्याचा थेंब न्हाई. शेवटचं वळण आलं. सविताचे पाय पेटले व्हते, तोंडावर दिसायलं व्हतं, पण पोरगी थांबली न्हाई! पळण्याचे पैकीच्या पैकी मार्क!

ती जाळीपाशी आली, तर माय खाली बसलेली, ओठ सुकलेले. मी मायच्या हातात केळं दिलं. सविता रडत म्हणली, "माय, पाया पडते, खा की आता!"

मायनं केळं सोललं अन् जाळीतून तिच्याच तोंडाशी धरलं.

"साठा भर. गोळा फेकायचा राहिलाय अजून!"