खोलीतली खोली

भिंतीला चिकटवून ठेवलेला स्पीकर दिसला की दिनूकाकांचे हात शिवशिवायचे. लग्नाला गेले तरी आधी मांडववाल्याने कोपऱ्यात कोंबलेले स्पीकर ओढून पुढे आणायचे आणि मगच अक्षता हातात घ्यायचे. तलासरीला आमच्याकडे आले की चपला काढतानाच माझ्या म्युझिक सिस्टीमकडे बघून म्हणायचे, "सुमे, त्याला श्वास घेऊ दे गं. मागे जागाच नसेल तर आवाज मागे जाईल कुठे?" आई म्हणायची, "भावजी, आधी चहा तरी घ्या."

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. डहाणूत त्यांची लाकडाची वखार होती. एकुलता एक मुलगा निखिल मुंबईला स्थायिक झाला, तेव्हा ती बंद करून काका-काकू नरपडच्या चिकूवाडीतल्या घरी राहायला गेले. त्या घरातली सगळ्यात मोठी, समुद्राचा वारा येणारी खोली काकांनी गाण्याला दिली. स्वतः दोघं मागच्या अंधाऱ्या खोलीत झोपायचे. दोन स्पीकरांच्या मधोमध काकूंचं काचेचं कपाट होतं, ते पडवीत गेलं. त्याच्यामागोमाग टीव्ही तर घरातूनच गेला. मालिका बघायला काकू शेजारी जाऊ लागल्या.

"डावं-उजवं कुणालाही ऐकू येतं," काका म्हणायचे. "मला खोली हवी. गाणारी कुठे बसलीय आणि तिच्या मागे कोण बसलंय, ते दिसलं पाहिजे." त्यासाठी त्यांनी स्पीकर भिंतीपासून इतके पुढे आणले की खोलीत वावरायला चिंचोळी वाटच उरली. आवाज बाजूच्या भिंतीवर आपटून लगेच कानाशी आला की सगळं चित्र सपाट होतं, असं ते सांगायचे. म्हणून एकदा खुर्चीत बसून त्यांनी मला भिंतीलगत आरसा सरकवत न्यायला लावलं. आरशात जिथे स्पीकर दिसला तिथे खूण केली, खिळे ठोकले आणि काकूंनी माहेरहून आणलेल्या गोधड्या टांगल्या.

"आणि थंडीत काय पांघरायचं?" काकूंनी विचारलं.

"इथे थंडी पडते कधी?" काका म्हणाले.

मला राग आला होता. पण त्याच दिवशी त्यांनी मला खुर्चीत बसवून एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. गायिका समोर होती. तानपुरा मात्र तिच्या पुष्कळ मागे, थेट भिंतीपलीकडे वाडीत वाजत होता. मी उठून बघायच्या बेतात होते. काका गालात हसले. "सापडली ना खोली?"

मग रविवारी सकाळी माणसं जमू लागली. डहाणूतले एक निवृत्त डॉक्टर, सरावलीचे एक शिक्षक, उंबरगावचा एक गुजराती व्यापारी. काका एकेकाला खुर्चीत बसवायचे, तोंडाकडे बघत राहायचे. काकू चहा आणायच्या, कप ठेवायच्या आणि आत जायच्या. त्या खुर्चीत त्यांना मी कधी पाहिलं नाही. "तिला नाही त्यात गोडी," काका म्हणायचे. गोडी आहे का, हे त्यांनी विचारलेलंही मला आठवत नाही.

एका सकाळी काका उठले तेव्हा त्यांचा उजवा कान बंद होता. पाणी गेलं असेल, म्हणाले. काकूंनी निखिलला फोन केला. तो म्हणाला, "सर्दी असेल. शनिवारी गाडी घेऊन येतो, वलसाडला दाखवू." मी म्हटलं, रिक्षा करून आजच जाऊ. काका ऐकेनात. "मुलगा येतोय ना!" मुलगा त्या शनिवारी आला नाही, पुढच्याही नाही. शेवटी मीच घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "लगेच आणायला हवं होतं. आता हा कान परत येणं कठीण आहे." परतताना काका गाडीत एकच वाक्य बोलले. "उशीर झाला हे निखिलला सांगू नकोस. त्याला वाईट वाटेल."

निखिलला काही वाईट वाटलं नाही. पुढे गणपतीत आला तेव्हा पाय पसरून म्हणाला, "बाबा, आता एक स्पीकर काढून टाकला तरी चालेल की." त्याची बायको हसली. काकाही हसले.

रविवार चालू राहिले. कान गेल्याचं काकांनी कुणाला सांगितलं नव्हतं. खोली ऐकायला दोन्ही कान लागतात, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? तरी ते आठवणीवर बोलायचे, "बघा, तानपुरा कसा मागे गेला!" एका रविवारी उजव्या स्पीकरची वायर निसटली होती. सगळं गाणं डावीकडून येत होतं. काका डोळे मिटून म्हणाले, "आहाहा, काय खोली आहे!" माणसं एकमेकांकडे बघू लागली. उंबरगावच्या व्यापाऱ्याला राहवलं नाही. "काका, आ तो बंध छे!" तो उजव्या स्पीकरला कान लावून म्हणाला, आणि कुणीतरी फस्सकन हसलं.

काकांनी डोळे उघडले. "मला माहीत आहे," म्हणाले. "मुद्दामच काढलीय."

कान गेल्याचं सगळ्यांनी ओळखलं होतं. पुढच्या रविवारी फक्त डॉक्टर आले. त्यानंतर तेही नाहीत. ज्यांना काकांनी ऐकायला शिकवलं, त्यांतल्या एकालाही फोन करून 'कान कसा आहे' विचारावंसं वाटलं नाही.

मग एका सकाळी काकांनी काकूंना हाक मारली. "जरा इथे बस. तुला कुठे ऐकू येतं ते सांग, तसे मी स्पीकर हलवतो."

काकू दारातच उभ्या राहिल्या. "इतकी वर्षं स्वयंपाकघरातून ऐकलं मी. तेव्हा नाही आठवले माझे कान." काका स्पीकरला हात टेकून उभे राहिले. काकू पदराला हात पुसत आल्या आणि बसल्या.

पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "सगळं पुढेच आहे." काकांनी स्पीकर जरा आत वळवले. मग जरा बाहेर. असं रोज चाललं. मी गेले की दिसायचं, काकू खुर्चीत आणि काका उकिडवे, त्यांच्या तोंडाकडे बघत. एकदा काकूंनी अचानक हात वर केला. "थांबा. हलवू नका. कुणीतरी मागे बसलंय तिच्या." काका तिथेच जमिनीवर बसले.

पुढचा पावसाळा सरला आणि काका झोपेतच गेले. दिवस उरकताच निखिलने सुतार बोलावला. समुद्राकडची खोली, मुंबईची माणसं सुटीत येतात, होमस्टेला उत्तम. स्पीकर त्याने अंगणात शेडखाली टांगले, पाहुण्यांना नाचायला. मी भांडले. तो म्हणाला, "तुला हवे असतील तर ने ना. आईला काय करायचेत?"

त्याच्या आईला कुणी विचारलं नव्हतं. मी मागच्या खोलीत गेले. अंगणातला दणदणाट तिथे भिंतींमधून येत होता. काकू कॉटवर बसल्या होत्या. मी जवळ बसले, म्हटलं, "रडून घ्या काकू."

"रडू येत नाही गं," त्या म्हणाल्या. "रागच येतो. आत्ता कुठे मला ऐकू यायला लागलं होतं."